जेवून घेतली म्हणून काय झाले?

पेनकिलर कधी बाधते? उपाशीपोटी घेतली तर. आपल्या घरांतला हा जवळजवळ सर्वमान्य सिद्धान्त आहे. आई सांगते, मेडिकलवाला सांगतो, घाईतला डॉक्टरही चिठ्ठीवर ‘जेवणानंतर’ लिहून मोकळा होतो. त्यामागचे गृहीत असे की गोळी ‘गरम’ असते, ती जठराच्या अस्तरावर पडून चरचरते, आणि मधे भाकरीचा थर असला की निभावते. दिसायला बिनतोड, पण मुख्य मुद्द्यावर साफ चुकीचे.

या म्हणण्यात तथ्यच नाही असे मी म्हणत नाही. ॲस्पिरिन हे स्वतःच एक आम्ल आहे. जठरात ते अस्तराच्या पेशींत सहज शिरते आणि तिथे साचून पृष्ठभाग दुखावते. १९३८ साली डाउथवेट आणि लिंटॉट या दोन ब्रिटिश डॉक्टरांनी जठरात दुर्बीण घालून ॲस्पिरिनने लालबुंद झालेले अस्तर प्रत्यक्ष पाहिले होते. जेवणानंतर गोळी घेतल्याने मळमळ, जळजळ अनेकांना कमी जाणवते, हेही खरे. परंतु वरवरचे ओरखडे वेगळे आणि रक्तवाहिनीपर्यंत खोल जाणारा अल्सर वेगळा. पहिल्याच्या उपायाने दुसरा टळतो असे मानणे, इथेच गफलत आहे.

खरी गोष्ट १९७१ साली लंडनमध्ये जॉन व्हेन यांनी उलगडली आणि त्या कामासाठी त्यांना १९८२चे नोबेल विभागून मिळाले. ॲस्पिरिन आणि तिची आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी भावंडे शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होऊ देत नाहीत. सुजेतल्या वेदनेमागे हीच द्रव्ये असतात, म्हणून गुडघा शांत होतो. पण जठराची राखणही तीच करतात. अस्तरावर चिकट श्लेष्म्याचा थर धरायचा, त्याखाली आम्लाला मारणारे बायकार्बोनेट सोडायचे, अस्तराचा रक्तपुरवठा चालू ठेवायचा, झिजलेल्या पेशींच्या जागी नव्या आणायच्या, ही सगळी कामे त्यांच्या जिवावर चालतात. गोळीने दरोडेखोराबरोबर पहारेकऱ्यालाही बांधून टाकले की जठराचे स्वतःचेच आम्ल स्वतःच्या भिंतीवर चालून येते. हे बांधणे होते रक्तातून. गोळी विरघळली, रक्तात गेली, आणि फिरून जठराच्या भिंतीत आली. मधे भाकरी होती की नव्हती, याची चौकशी रक्त करत नाही.

मग ‘पोटाला त्रास नको म्हणून सुईच द्या हो डॉक्टर’ या आग्रहाचे काय उरते? दंडात टोचलेले डायक्लोफेनॅकही त्याच रक्तात जाते. तीच गत वेष्टन चढवलेल्या ॲस्पिरिनची. जठरात न विरघळता आतड्यात विरघळणारी ही गोळी पोटाला सौम्य म्हणून खपते. पण रक्तस्रावाचा धोका साध्या ॲस्पिरिनइतकाच राहतो, हे १९९६ सालीच ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले आहे. वर ॲस्पिरिन प्लेटलेट्सनाही कायमचे निकामी करते. नव्या येईपर्यंत आठवडा-दहा दिवस जातात. म्हणजे जखमही तीच करते आणि रक्त थांबू देत नाही तीही तीच.

दुसऱ्या प्रतिपक्ष्याचे वाचन अधिक असते. तो म्हणतो, अल्सर जंतूने होतो, गोळीला कशाला बोल? बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू अल्सरच्या मुळाशी असल्याचे दाखवले आणि २००५चे नोबेल मिळवले. मिसळ, ठेचा आणि काळजी यांना आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर काढल्याबद्दल मराठी माणसाने त्या दोघांचे विशेष ऋणी असावे. पण एक गुन्हेगार सापडला म्हणून दुसरा निर्दोष ठरत नाही. २००२ साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या हिशेबात नुसत्या जंतूमुळे अल्सरमधून रक्तस्रावाचा धोका सुमारे पावणेदोन पट, नुसत्या या गोळ्यांमुळे जवळपास पाच पट, आणि दोन्ही असतील तर सहा पटींहून अधिक निघाला.

तिसरे टोक ‘इंग्रजी गोळ्या म्हणजे विषच’ म्हणणाऱ्यांचे. संधिवाताने सकाळी बोटे मिटत नाहीत त्या बाईला हे सांगून पाहावे. शिवाय सांधेदुखीवरच्या निनावी ‘देशी’ पुड्यांमध्ये स्टिरॉइड आणि हीच औषधे मिसळलेली वेळोवेळी सापडली आहेत. विष नको म्हणून तेच विष बिनमापाने घ्यायचे, यात शहाणपण कुठले?

माझे म्हणणे असे, की प्रश्न पोट भरले आहे का हा नसून कोण, कोणती, किती आणि किती दिवस घेतो हा आहे. धडधाकट तरुणाने दाढदुखीला दोन दिवस आयबुप्रोफेन घेतले तर फारसे बिघडत नाही. सत्तरीतल्या, पूर्वी अल्सर झालेल्या, हृदयासाठी रोज ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या माणसाने महिनोन्‌महिने डायक्लोफेनॅक घेणे ही वेगळी गोष्ट आहे, मग तो कितीही पोटभर जेवो. त्याला अशी गोळी घ्यावीच लागली तर सोबत आम्ल कमी करणारे ओमेप्राझोल किंवा पँटोप्राझोल हवे. त्याने जठर आणि आतड्याच्या सुरुवातीच्या भागातले अल्सर खरोखर कमी होतात. त्याखालच्या लहान आतड्याला मात्र ते वाचवत नाही. तेव्हा ‘पित्ताची गोळी घेतोय ना’ हाही पूर्ण परवाना नव्हे. नुसते गार दूध किंवा अँटासिड तर जळजळ तेवढी झाकते. गुडघ्याला डायक्लोफेनॅकचे जेल चोळणे मला गोळीपेक्षा पटते, कारण रक्तात त्यातले फार थोडे उतरते. पॅरासिटामॉल जठराला पुष्कळच सौम्य आहे, मात्र जास्त झाले तर यकृताला महागात पडते.

‘मला तर काही त्रास नाही’ हा युक्तिवादही इथे चालत नाही. वेदना मारणारे औषध अल्सरची वेदनाही मारते. कित्येकांना पहिली खूण दिसते ती डांबरासारखी काळी, चिकट शौच, रक्ताची उलटी किंवा नुसती घेरी. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण हा फरक घरी ठरवत बसू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि तिथे मेडिकलमधून परस्पर आणलेल्या पट्ट्याही डॉक्टरांसमोर ठेवाव्यात. हृदयाच्या डॉक्टरला गुडघ्याची गोळी माहीत नसते आणि हाडांच्या डॉक्टरला हृदयाची.