घड्याळाचे झाकण अंगठ्याने का दाबू नये?

अलिबाग-मुरूडच्या खाऱ्या हवेत घड्याळ बंद पडले, की दोष सेलला दिला जातो. अनेकदा सेल नवाच असतो. मागचे झाकण तिरके बसलेले असते आणि फटीतून दमट हवा आतल्या यंत्राला गंज चढवते.

दाबून बसणारे झाकण घट्ट असेल तर प्रेसच हवा. झाकणाची खाच चावीच्या दांडीसमोर आणावी, रबरी रिंग नीट बसवावी. खालचा साचा घड्याळाच्या कडेला टेकावा, काचेला नव्हे. नाहीतर काच तडकते. दांडा हळू दाबला की ‘टक’ होते. आट्याच्या झाकणाला मात्र प्रेस लावूच नये.

रिंग सैल झाली असेल तर बदलायलाच हवी. तिथे गिऱ्हाइकाने घासाघीस करू नये. आणि ‘३० मीटर’ लिहिलेले घड्याळ घालून काशिदच्या समुद्रात उतरू नये. ते पोहण्यासाठी नसतेच.