ठेका कोणाला, आणि कोणत्या अटींवर?

कोडोली हे पन्हाळा तालुक्यातील मोठे बाजाराचे गाव. शेजारीच वारणानगर, तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या सहकारी उद्योगांचे केंद्र. अशा परिसरात एखादी पतसंस्था वा ग्राहक भांडार नवी शाखा थाटते, तेव्हा संचालक मंडळापुढे ठराव येतो की, छत, वीज, फरशी, काउंटर, रंग असे आतील सारे काम एकाच ठेकेदाराला एकरकमी द्यावे. ठराव बहुधा चर्चेविना मंजूर होतो.

यात सोय आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. वायरी ओढल्याखेरीज छत बंद करता येत नाही, सुतारकाम उरकल्याखेरीज रंगाचा शेवटचा हात देता येत नाही. हा क्रम चुकला की दोष कोणाचा, यावरून भांडण जुंपते. ठेकेदार एकच असला म्हणजे जाब कोणाला विचारायचा हे ठाऊक असते. पण तो ठेकेदार स्वतः काय करतो? सुतारकाम एका पोटठेकेदाराला देतो, छत दुसऱ्याला, रंग तिसऱ्याला. प्रत्येक जण आपला नफा काढून घेतो आणि उरलेल्या रकमेत राजस्थानातून किंवा उत्तर प्रदेशातून आलेल्या कारागिराची मजुरी बसवली जाते. रात्री तो त्याच अर्धवट दुकानात, लाकडाच्या भुश्शात झोपतो. मजुरी थकली तर मागायची कोणाकडे? संस्थेचे अध्यक्ष म्हणणार, आमचा संबंध ठेकेदाराशी.

कायदाही येथे फारसा पोहोचत नाही. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याची मूळ मर्यादा २० कामगारांची होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितेत ती ५० आहे. दुकानाच्या सजावटीवर एका वेळी पन्नास माणसे कधी असतात?

म्हणून काम तोडून द्यावे, असे आमचे मत आहे. प्लायवूड, वायर, रंग संस्थेने स्वतः खरेदी करावेत. मजुरीचा करार त्या त्या कारागिरांशी थेट आणि लेखी करावा. कामाचा क्रम सांभाळण्यासाठी गावातील एखादा पदविकाधारक तरुण पगारावर नेमावा. संचालकांनाही आठवड्यातून दोनदा जागेवर जावे लागेल. सत्कारसमारंभ थोडे कमी केल्यास तेवढी सवड निघेल.

मजूर सहकारी संस्थांचे काय, असे कोणी विचारील. आपल्याकडे त्यांतील कित्येक नावापुरत्या आणि ठेकेदाराच्याच खिशातल्या आहेत, हे कबूल करावे लागते. परंतु केरळात वडकराजवळ १९२५ साली मजुरांनी काढलेली उराळुंगल संस्था शंभर वर्षांनंतरही रस्ते, पूल आणि मोठ्या इमारती बांधते आहे.

आणि एवढे करूनही मंडळाने एकाच ठेकेदाराचा आग्रह धरला, तर आपल्या सभासदांनी करारात दोन अटी घालून घ्याव्यात. शेवटच्या बिलातील काही रक्कम राखून ठेवण्याची पद्धत आहेच. पण ती सनमायका उखडेल या भीतीपोटी. ती प्रत्येक कारागिराची मजुरी चुकती झाल्याची सही मिळेपर्यंत राखावी. दुसरे, कामाच्या दिवसांचा दाखला संस्थेने स्वतः द्यावा. बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणीसाठी मागील १२ महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा पुरावा लागतो, आणि पोटठेकेदाराकडून तो मिळवताना कारागिराचे जोडे झिजतात.