कात्रीमागची दोन वर्षं

जपानहून आलेल्या माणसाला आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारले जातात. एक, तिथं शाकाहारी खायला मिळतं का? आणि दुसरा, जपानी लोक खरंच एवढे नम्र असतात का हो? पहिल्याचं उत्तर लांबलचक आहे, ते पुन्हा कधीतरी. दुसऱ्याचं उत्तर मात्र मला केस कापायच्या दुकानात मिळालं, आणि ते आपण समजतो तसं अजिबात नाही.

माझ्या भाचीचं बाळंतपण टोकियोत होतं. थोरल्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यामुळे डिंकाचे लाडू घेऊन जायचा मान मावशीकडे आला. भाची राहते एदोगावा वॉर्डातल्या निशी-कासाई भागात. तिथं आपल्या लोकांची इतकी वस्ती आहे, की २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ त्या वॉर्डाच्या सभेवर निवडून आले होते. डाळी, हिंग, पोहे सगळं हाताशी. बाळाची अंघोळ, शेक-शेगडी, रात्रीची जागरणं यांत दीड महिना कसा गेला कळलं नाही. माझ्या केसांची मात्र पार दशा झाली होती. शेवटी भाचीच म्हणाली, "मावशी, किती दिवस तो चिमटा लावून फिरणार आहेस? चल, आज तुझे केस कापून आणू."

आता आपल्या गावात आपण केस कापतो ते कसं, तर खुर्चीत बसायचं, पार्लरवाली विचारते, "नेहमीसारखेच ना ताई?" आपण म्हणायचं, "हो, खालून थोडेसे." थोडेसे म्हणजे किती, हे तिलाही ठाऊक नसतं आणि आपल्यालाही. गप्पा मारता मारता दहा मिनिटांत यू-कट होतो. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही.

तिथं 'थोडेसे' चालेना. दारातच एकीनं वाकून नमस्कार करून माझी पर्स आणि कोट ठेवून घेतला. मग हातात एक छापील कागद आला. यापूर्वी केस कधी रंगवले? कशाने? डोक्याला काही लावल्यावर खाज सुटते का? सगळं जपानीत, भाची वाचून दाखवत होती. एक प्रश्न तर असा, की केस कापताना तुम्हाला गप्पा आवडतील की शांत बसायला आवडेल? सगळ्याच दुकानांत हा प्रश्न नसतो म्हणे, पण मला तो फार आवडला. चाळीशी ओलांडली माझी, आजवर 'तुम्हाला शांत बसायचंय का' असं कुणी विचारलं असेल तर शपथ!

काळ्या मेंदीचं उत्तर ऐकून केस कापणारी बाई गंभीर झाली. तिनं दोन-तीन बटा उजेडात धरून पाहिल्या. केस कोरडे असतानाच ते कसे वळतात, भांग कुठं पडतो, भोवरा कुठं आहे, हे सगळं बोटांनी चाचपलं. रोज बांधता की मोकळे सोडता, हेही विचारलं. मग कंगवा मानेमागे धरून आरशात दाखवला, इथपर्यंत? मी म्हटलं, जरा खाली. तिनं कंगवा दोन बोटं खाली नेला. किती सेंटिमीटर ते ठरलं, तेव्हा कुठं काम सुरू झालं.

ज्या मैत्रिणींची मुलं-सुना तिकडं आहेत, त्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवा. तिकडं केस पातळ करायच्या दातेरी कात्रीचा वापर भरपूर करतात. सरळ, जाड केसांना ते शोभतं. आपल्या कुरळ्या-लाटांच्या केसांना ती कात्री जास्त फिरली, की पावसाळी हवेत डोक्याचं शिप्तर होतं. भाचीनं मला दोन वाक्यं पाठ करून घेतली होती. 'सुकानाइदे कुदासाइ', म्हणजे केस पातळ करू नका. आणि 'सोरोएरु दाके', म्हणजे फक्त खालून सारखे करा. जोडीला फोनमध्ये आपलाच एखादा जुना फोटो ठेवावा, मागून काढलेला. नटीचा फोटो दाखवून उपयोग नाही, तिचे केस वेगळे आणि आपले वेगळे.

केस धुवायला एक विशीतला मुलगा आला. मी जरा संकोचले. पण खुर्ची मागे टेकवल्यावर त्यानं चेहऱ्यावर मऊ कापडाचा तुकडा ठेवला. पाणी तोंडावर उडू नये म्हणून आणि नजरानजर होऊन अवघडायला होऊ नये म्हणूनही. तेवढ्यात बाळ रडलं म्हणून भाची गाडी घेऊन बाहेर गेली. तो मुलगा काहीतरी विचारत होता. मी आपली प्रत्येकाला 'दायजोबु, दायजोबु' म्हणत राहिले. म्हणजे ठीक आहे, चालेल. नंतर कळलं, 'कुठं खाजतंय का' असं ते विचारतात, तिकडच्या दुकानांतला तो ठरलेला प्रश्न आहे. धुऊन झाल्यावर मान-खांदेही दाबून दिले. बाळाला घेऊन आखडलेले माझे खांदे! डोळ्यांत पाणी आलं, ते कापडाखाली झाकलं गेलं हे बरं झालं.

सगळं मिळून सव्वा तास लागला. साडेपाच हजार येन झाले, म्हणजे आपले साधारण तीन हजार रुपये. मी मनातल्या मनात त्यात किती किलो शेंगदाणे येतील याचा हिशोब केला. वर काही द्यायला गेलात तर घेत नाहीत, बक्षिसीची पद्धतच नाही. एवढा खर्च नको असेल तर रेल्वे स्टेशनाजवळ दहा मिनिटांत केस कापून देणारी दुकानं असतात. क्यूबी हाउस त्यांतलं सगळ्यांत प्रसिद्ध. १९९६ मध्ये टोकियोत ते सुरू झालं तेव्हा दर हजार येन होता, २०२३ मध्ये तो १३५० येन झाला. यंत्रातून तिकीट काढायचं, केस धुवायचे नाहीत, आणि कापून झाल्यावर मानेवरचे बारीक केस चक्क नळीनं ओढून घेतात. बायकाही जातात तिथं.

घरी येताना मी साहजिकच म्हणाले, "किती गं नम्र ही माणसं! रक्तातच असतं यांच्या." त्यावर भाची हसली. "मावशी, रक्तात काही नसतं. दोन वर्षं शिकावं लागतं त्यांना."

आणि मग जे कळलं ते मला केस कापण्यापेक्षा मोलाचं वाटतं. जपानमध्ये केस कापायला सरकारी परवाना लागतो. तोही दोन प्रकारचा. 'रियोशी' म्हणजे पुरुषांच्या सलूनवाले, त्यांचा कायदा १९४७चा. 'बियोशी' म्हणजे ब्यूटी सलूनवाले, त्यांचा कायदा १९५७चा. दाढीचा वस्तरा चालवायचा अधिकार रियोशीचा, म्हणून लग्नाआधी नवऱ्या मुली चेहऱ्यावरची आणि मानेवरची लव काढून घ्यायला मुद्दाम त्यांच्याकडे जातात. सरकारी बारकाव्यांची गंमत बघा, पुरुष नुसते केस कापायला ब्यूटी सलूनमध्ये गेला तर ते नियमात बसत नव्हतं. १९७८ची ती सूचना २०१५ मध्ये रद्द झाली. लोक अर्थातच त्याआधीपासून जातच होते!

परवान्यासाठी मान्यताप्राप्त शाळेत पूर्ण वेळ दोन वर्षं. नुसती कात्री चालवायला नाही शिकवत. त्वचेचे आजार, संसर्ग कसा पसरतो, हत्यारं कशी निर्जंतुक करायची, रंगातली रसायनं, कायदा, हे सगळं अभ्यासक्रमात. शेवटी लेखी आणि प्रात्यक्षिक अशी राष्ट्रीय परीक्षा. ती पास झाल्यावरही लगेच कात्री हाती येत नाही. बहुतेक सलूनमध्ये दोन-तीन वर्षं केस धुणं, झाडणं, रंग कालवणं, आणि दुकान बंद झाल्यावर रात्री पुतळ्याच्या डोक्यावर सराव. माझे खांदे दाबणारा तो मुलगा म्हणजे परवाना हातात असलेला, शिकलेला मुलगा होता. दुकान उघडण्याआधी आरोग्य कार्यालयाची माणसं येऊन तपासणी करतात ते निराळंच.

तिथं सगळं छानच आहे असं मी म्हणणार नाही. या शिकाऊ मुला-मुलींचे तास लांब आणि पगार बेताचे असतात. आणि बाईच्या केसांवर सत्ता गाजवायची हौस तिथंही होतीच. १८७१ मध्ये सरकारनं पुरुषांना शेंडीवजा बुचडा सोडून केस कापायची मोकळीक दिली. ते पाहून काही बायकांनीही केस कापले, तर १८७२ मध्ये टोकियोच्या कारभाऱ्यांनी बायकांना आखूड केस ठेवायला बंदी घातली! पुरुषाचे आखूड केस म्हणजे प्रगती, बाईचे म्हणजे थेरं. ऐकल्यासारखं वाटतं ना?

आपल्याकडे तर विधवेचे केस बळजबरीनं काढत होते. त्याविरुद्ध नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० मध्ये मुंबईत नाभिक बांधवांना एकत्र केलं, आणि हे काम आम्ही करणार नाही असं त्यांनी ठरवलं. ज्यांच्या कामाला समाज हलकं म्हणत होता, त्यांनीच आपल्या कामाची लाज राखली. हा इतिहास असलेल्या महाराष्ट्रात आज आपण पार्लर चालवणाऱ्या मुलीला कसं वागवतो?

मी बचत गटाचं काम करते. दर वर्षी पाच-सहा मुली येतात, बारावी नापास, कुणी नवऱ्यानं टाकलेली. "ताई, पार्लरचा कोर्स लावून द्या." आपण लावून देतो. पंधरा दिवसांचा, फार तर तीन महिन्यांचा. मेंदी, आयब्रो, फेशियल, हेअरकट, सगळं त्यात. शेवटी पाहुण्यांच्या हस्ते प्रमाणपत्र आणि पेपरात फोटो. मग ती घराच्या पडवीत एक खुर्ची आणि आरसा टाकते. ब्लीच किती वेळ ठेवायचं, केसांचा रंग लावायच्या आधी कानामागे लावून का बघायचा, हे तिला कुणी नीट सांगितलेलंच नसतं. गिऱ्हाइकाचा चेहरा भाजला की गावभर बोंब तिचीच. आणि आपण बायका? काजू भाव न करता घेण्याइतक्या उदार आपण नसतोच, पण पार्लरमध्ये चाळीस रुपयांच्या आयब्रोत दहा कमी करून मागताना आपल्याला जराही काही वाटत नाही.

मला कुणी म्हणेल, ताई, जपान श्रीमंत देश, त्यांची दोन वर्षं आपल्याला कशी परवडणार? मान्य. सगळ्यांवर परवान्याची सक्ती केली तर उद्या पडवीतल्या खुर्च्याच आधी बंद पडतील, हेही मला कळतं. म्हणून मी सक्तीचं म्हणत नाही. पण आपल्याच आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा कोर्स असतो, तो किती जणींना माहीत आहे? दारिद्र्यातल्या मुलीला 'पटकन कमवायला लागेल' असं काहीतरी द्यायचं, या दयेपोटी आपण तिला अर्धवट हत्यार हातात देतो. मुलगा इलेक्ट्रिशियन व्हायचा असेल तर त्याला दोन वर्षं आयटीआयला घालताना घरात कुणी कुरकुरत नाही. मुलीच्या हातात मात्र माणसाचा चेहरा आणि डोकं असतं, तिला पंधरा दिवस पुरतात म्हणे.

एक योगायोग सांगायचा राहिला. टोकियोकडे पुरुषांची सलून सोमवारी बंद असतात, आपल्या गावातल्यासारखीच! तिथं ब्यूटी सलूनना मंगळवारी सुट्टी असते. युद्धानंतर विजेची टंचाई होती, तेव्हा वीज बंद ठेवायच्या दिवसावरून ही प्रथा पडली असं सांगतात. आपल्या पडवीतल्या मुलीला मात्र सोमवार नाही आणि मंगळवारही नाही. लग्नसराईत तर ती रात्री अकरालाही दार उघडते.

परत आल्यावर गटाच्या बैठकीत मी हा विषय काढला. म्हटलं, या वर्षी पाच मुलींना पंधरा दिवसांचा कोर्स नको, दोघींनाच वर्षभराच्या आयटीआयला घालू. चांगलाच वाद झाला. "उरलेल्या तिघींना काय सांगायचं?" हा प्रश्न आमच्या खजिनदार बाईंनी विचारला, आणि तो चुकीचा नव्हता. शेवटी दोन नावं ठरली. एकीची सासू वर्षभर थांबायला तयार आहे, दुसरीच्या आईला समजवायला पुन्हा जायचंय. एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहे, तरी रोजचं जाणं-येणं, एप्रन, कात्र्यांचा संच असा खर्च आहेच. तो कुठून काढायचा यावर येत्या बैठकीत बोलणार आहोत.