तुतारी दाबली, पण कुठली?

आज कांद्याचं नाही, मतदानाचं लिहितो. काल पारावर पुन्हा तोच वाद झाला.

20 मे 2024, आमचा दिंडोरी मतदारसंघ. काका मत देऊन चाळीवर आले, खुशीत म्हणाले, "तुतारी दाबली." मी विचारलं, तुतारी वाजवणारा माणूस होता का नुसती तुतारी? काका गप्प. निर्यातबंदीचा राग डिसेंबरपासून पोटात धरून बसलेला माणूस, अन् मत गेलं भलत्याच अपक्षाला! त्याच्या चिन्हाचं मराठी नावही तुतारीच होतं. त्या अपक्षाला लाखाच्या वर मतं पडली. त्यातली खरी त्याची किती, देव जाणे.

काका काही अडाणी नाहीत. मशीनवर पक्षाचं नाव नसतंच; उमेदवाराचं नाव, फोटो, चिन्ह एवढंच. मान्यताप्राप्त पक्षवाले वर, बाकी नोंदणीकृत पक्ष मधी, अपक्ष खाली. हे प्रचाराला येणारा कुणी सांगत नाही. चिठ्ठी सात सेकंद दिसते, पण तोवर बटण दाबून झालेलं असतं.

अपक्षाला देऊच नका, असं माझं म्हणणं नाही. ग्रामपंचायतीला आपण पॅनेल बघूनच देतो, तिथं पक्षाचं चिन्ह नसतंच. (निकालानंतर एकाच सरपंचाला दोन पक्ष आपला म्हणतात, ते सोडा.) द्यायचं तर ठरवून द्या, चुकून नको. म्हाताऱ्या माणसांना आदल्या रात्रीच उमेदवाराचं नाव अन् नंबर सांगून ठेवा.

काका म्हणतात, यंदा चष्मा घेऊनच जाणार.