कोड उडवण्याआधी

गाळप हंगाम तोंडावर आला की सातारा-सांगली पट्ट्यातल्या गॅरेजांत एकच तक्रार दिवसभर ऐकू येते : ‘लाईट लागलीय आणि गाडी ओढत नाही.’ पंप-नोझलच्या जमान्यात ही तक्रार सरळ होती. फिल्टर चोंदला, हवा धरली, नोझल गेले किंवा टर्बो बसला; धुराचा रंग बघून मुरलेला मिस्त्री निम्मे निदान गाडी आत घेतानाच करायचा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले आणि हा हिशेब बदलला. आता पुष्कळदा इंजिनात ताकद शाबूत असते, फक्त इसीयूने ती रोखून धरलेली असते. त्यामुळे सर्वांत आधी ठरवायचे ते हे, की इंजिनाला ताकद निर्माणच करता येत नाही, की इसीयू ती देत नाही? रस्ता इथेच फुटतो. हे न ठरवता उघडलेला पाना बहुतेक वेळा चुकीच्या नटावर पडतो.

आपल्याकडे स्कॅनर आले, पण वाचायची घाई तशीच राहिली. जे-१९३९ पद्धतीच्या कोडचे दोन भाग असतात. एसपीएन सांगतो कुठे, एफएमआय सांगतो काय. एसपीएन ३२५१ म्हणजे डीपीएफच्या, म्हणजे काजळी अडवणाऱ्या जाळीच्या, दोन्ही बाजूंमधला दाबाचा फरक. त्याच्यापुढे एफएमआय ० किंवा १६ असेल तर दाब खरोखर वाढला आहे, जाळीत काजळी भरली असण्याचा संभव आहे. पण एफएमआय ३ किंवा ४ असेल तर तक्रार व्होल्टेजची आहे : वायर, पिन, कनेक्टर किंवा सेन्सर. एसपीएन एकच, कामे मात्र पूर्ण वेगळी, आणि खर्चातले अंतर तर विचारूच नका. तरीही ‘३२५१ आला, डीपीएफ उतरवा’ हे वाक्य गॅरेजमध्ये सर्रास ऐकू येते. जाळी उतरवण्याआधी इंजिन बंद ठेवून किल्ली ‘ऑन’ करा आणि दाबाचा आकडा बघा. तो शून्याच्या जवळ हवा. इंजिन बंद असताना सेन्सर दाब दाखवत असेल, तर दोष जाळीत कसा असेल?

डीपीएफ आमच्या भागात जास्त का भरते, याचे उत्तर साखर कारखान्याच्या यार्डात आहे. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या जोडीला ट्रकनेही ऊस येतो. साखराळे असो, रेठरे बुद्रुक असो की कुंडल, काट्यावर नंबर लागेपर्यंत गाडी तासन्‌तास उभी आणि चालू, मग इंच इंच पुढे. सायलेन्सर तापतच नाही. काजळी जाळायला जाळीत साधारण ५५० ते ६०० अंश सेल्सिअस तापमान लागते. गाडीने हे जाळणे, म्हणजे रिजनरेशन, सुरू केले तर मधेच रांग हलते, चालक इंजिन बंद करतो आणि ते अर्धवट राहते. असे वारंवार झाले की काही इंजिनांत जादा मारलेले डिझेल ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली तर ‘ऑइल भरपूर आहे’ म्हणून खूश होऊ नका.

इथे एक इशारा, आणि तो चालकांपर्यंत पोचवायची जबाबदारी आपली आहे. उभ्या गाडीचे रिजनरेशन यार्डात किंवा शेताच्या बांधावर कधीही करायचे नाही. खाली पाचट, वर सहाशे अंशांपर्यंत तापलेला सायलेन्सर. डॅशबोर्डवर एक्झॉस्ट तापल्याचा दिवा असतो तो याचसाठी.

जाळी साफ करून गाडी सोडली आणि ती महिन्यात परत आली, तर जाळी निर्दोष होती असे समजा. गळका इंजेक्टर, अडकलेला इजीआर किंवा इंटरकूलरचा फाटका होजपाइप काजळी तयार करत असतो, जाळी ती फक्त गोळा करते. ऑइलची राख ही वेगळी बाब, ती जळत नाही. म्हणून बीएस-६ गाडीत कंपनीने सांगितलेलेच कमी राखेचे ऑइल घालायचे. मालकाने डबा स्वस्त मिळाला म्हणून आणला असेल, तर बिलावर तसे लिहून ठेवा.

डीईएफचे प्रकरण आमच्या शेतीप्रधान भागात जरा लाजिरवाणे आहे. ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि क्षारमुक्त पाणी, एवढेच ते द्रावण. युरियाची ४५ किलोची गोणी दारात पडलेली असताना ‘घरीच कालवू’ असे वाटणे साहजिक आहे. पण शेतीच्या युरियावर कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो, त्यात बाययुरेट असते आणि बोअरच्या पाण्यातला कॅल्शियम वेगळाच. रिफ्रॅक्टोमीटरवर असले मिश्रणही बरोबर ३२.५ दाखवू शकते, कारण ते यंत्र घट्टपणा मोजते, शुद्धता नाही. मग डोसिंग नोझलवर पांढरे खडे जमतात, एससीआर खराब होतो, नॉक्स सेन्सरचा कोड येतो आणि इसीयू ताकद कापतो. बिचारा सेन्सर खरे बोलला म्हणून बदलला जातो.

इसीयूने काही कापलेले नसेल तर मात्र जुनेच शास्त्र, फक्त आकड्यांसह. उभ्या गाडीत रेस देऊन बूस्ट कळत नाही. पुण्याकडून भरून येणारी गाडी खंबाटकीच्या चढाला लागली की लाइव्ह डेटा लावून बूस्ट आणि रेल प्रेशर बघा, मागितलेले किती आणि मिळालेले किती. रेल मागे पडली तर डिझेलच्या बाजूने शोधा, बूस्ट मागे पडला तर हवेच्या. २०१९ आणि २०२१ च्या कृष्णेच्या पुरात बुडालेल्या गाड्या अजून फिरत आहेत. त्यांच्या कनेक्टरांत हिरवा गंज सापडला तर नवल नाही. हंगामाबाहेर उभ्या राहिलेल्या गाड्यांत उंदीर असतात, ते वेगळेच.

डीपीएफ-एससीआरला ‘बायपास मारून देतो’ म्हणणाऱ्यांबद्दल थोडक्यात. गाडीत असा बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ अ नुसार प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आपण दिवा विझवतो आणि खटला त्याच्या नावावर ठेवतो.

आता पैशांचे. आपण सुट्या भागांचे बिल करतो, तपासणीचे करत नाही. सेन्सर बदलला की मालक निमूट पैसे देतो, तासभर मल्टिमीटर लावून वायर तुटल्याचे सांगितले तर म्हणतो, ‘केलं काय तुम्ही?’ मग भाग बदलून बघायची सवय लागणारच, दोष एकट्या मिस्त्रीचा नाही. कराड, कुपवाड, सातारा एमआयडीसी, जिथे कुठे तुमचे गॅरेज असेल तिथे या हंगामापासून तपासणीचा दर पाटीवर लिहा. बिलावर कोड एफएमआयसह टाका, कामाआधीचा आणि नंतरचा दाब टाका, घाटात मिळालेला बूस्ट टाका. मालक सुरुवातीला कुरकुर करेल. दुसऱ्या वेळी त्याच तक्रारीने आला, की तोच कागद दोघांनी मिळून वाचता येईल.