शर्यतीची मोजदाद

बॅकगॅमनमध्ये दोन्ही बाजूंच्या सोंगट्या एकमेकींना ओलांडून गेल्या, की मारामारी संपते आणि केवळ शर्यत उरते. सर्व सोंगट्या पटाबाहेर काढण्यास एकूण किती दान लागेल, त्या आकड्यास पिप-संख्या म्हणतात. आरंभी ती प्रत्येकाची १६७ असते : चोविसाव्या घरातील दोन सोंगट्यांचे ४८, तेराव्यातील पाचांचे ६५, आठव्यातील तिघींचे २४ आणि सहाव्यातील पाचांचे ३०.

डावाची किंमत दुप्पट करण्याचा फासा १९२० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये आला आणि ही मोजदाद निव्वळ हौस राहिली नाही. प्रतिस्पर्ध्याने दुप्पट मागितली, तर स्वीकारावी की डाव सोडावा? हिशेब व्यापाऱ्याच्या ओळखीचा आहे. असे चार डाव सोडले तर चार गुण जातात. चारही स्वीकारून एकच जिंकला, तर सहा जातात व दोन येतात, तूट चारांचीच. म्हणून चारांत एक डाव जिंकण्याची आशा असेल तिथवर स्वीकारणे परवडते. (सामन्याच्या अखेरीस गुणफलक पाहून यात फरक करावा लागतो.)

लांब शर्यतीसाठी जाणत्यांचा ठोकताळा असा : ८ टक्के आघाडी असता दुप्पट मागावी आणि मागे असणाऱ्याने १२ टक्क्यांपर्यंत ती स्वीकारावी. पुढच्याचे १०० उरले असतील, तर १०८ ला मागणी, ११२ पर्यंत स्वीकार. अवघ्या चार पिपांची ही पट्टी! एका फेकीचे सरासरी दानच सव्वाआठांच्या जवळ असते. तेव्हा मोजणीत पाचांची चूक झाली, तर जिंकण्याजोगा डाव सोडून दिला जातो.

एकेक सोंगटी मोजणे संथ आणि चुकीला वाव देणारे. त्याऐवजी एक सोंगटी जितकी पुढे तितकीच दुसरी मागे कल्पावी. बेरीज बदलत नाही. तेराव्या व सातव्या घरातल्या दोघी दहाव्यात मानल्या, की २० मिळतात. चार ते आठ या पाच घरांत दोन-दोन असल्या, तर मधले घर सहावे, म्हणून दहा सोंगट्यांचे ६०. पावकी-दिडकी तोंडपाठ केलेल्या पिढीला यात नवल वाटणार नाही.

सराव घरी एकट्यानेही होतो. सोंगट्या वाटेल तशा मांडाव्यात, गटांनी बेरीज करावी, मग एकेक मोजून पडताळावी. आरंभी घड्याळ लावू नये. अचूकतेआधी आलेला वेग काढून टाकणे फार कठीण. पुढे दोन्ही बाजूंची बेरीज न करता समोरासमोरच्या सारख्या सोंगट्या वजा करून केवळ फरक काढावा आणि प्रत्येक दानागणिक तो मनात चालता ठेवावा.