नऊ दिवस, दोघेच

आपल्या घरांतून परदेशी जाण्याची तीन कारणे सगळ्यांना मान्य आहेत : हज-उमरा, आखातातली नोकरी आणि अलीकडे मुलांचे शिक्षण. नवरा-बायको दोघेच, काही काम नसताना, नुसती शहरे बघायला निघाले की मोहल्ल्याला त्याचा अर्थच लागत नाही. नवे जोडपे असेल तर ‘हनिमून’ म्हणून सोडून देतात. आमच्यासारख्या पंचेचाळिशी ओलांडलेल्यांना मात्र विचारतात, “काय हो, कुणाला दाखवायला चाललात? डॉक्टर कोण आहे तिकडे?”

खरे तर ही गोष्ट आपल्या महाराष्ट्रात सव्वाशे वर्षांपूर्वीचीच म्हणायची. मुरुड-जंजिऱ्याचे नवाब सिद्दी अहमद खान आणि त्यांच्या बेगम नाझली रफिया सुलतान १९०८ साली युरोपच्या सफरीवर गेले होते. लंडन, पॅरिस बघत ते इस्तंबूललाही पोहोचले. बेगमसाहेबांनी घरच्यांना लिहिलेल्या पत्रांतून ‘सैर-ए-युरोप’ हे उर्दू पुस्तक तयार झाले. त्यांची बहीण अतिया फैझी त्या सफरीत सोबत होती. ती त्याआधीच, १९०६ मध्ये, शिक्षिकेचे प्रशिक्षण घ्यायला लंडनला राहून आली होती आणि तिची रोजनिशी लाहोरच्या ‘तहजीब-ए-निसवाँ’ या बायकांच्या नियतकालिकात छापून येत होती. आम्ही बी.एड. केले तेव्हा हे कुणी सांगितले नाही. सांगितले असते तर जंजिऱ्याची सहल नुसता किल्ला बघून परतली नसती.

नवाबांची गोष्ट नवाबांची, असे कुणी म्हणेल. म्हणून आता पगारदारांची सांगतो.

आमची शाळा नांदेडला आणि यांची लातूरला. मध्ये लोहा, अहमदपूर आणि एस.टी.चे साडेतीन तास. बदलीचे अर्ज देऊन थकलो. शनिवारी संध्याकाळी एकाने दुसऱ्याकडे जायचे आणि सोमवारी पहाटेची गाडी धरायची, असा संसार सतरा वर्षे चालला. मुले त्यातच मोठी झाली. एक पुण्याला, एक संभाजीनगरला शिकते. अशा घरात नवरा-बायकोचे बोलणे कशावर होते, हे ज्यांनी असे दिवस काढलेत त्यांना ठाऊक आहे : फी, गॅस, अम्मींच्या गोळ्या, कुणाच्या लग्नात किती आहेर. मुले बाहेर पडली, घर शांत झाले, तेव्हा लक्षात आले की लग्नानंतर आम्ही दोघेच असे कुठे गेलेलोच नाही. अजमेर, हैदराबाद, अगदी माथेरानसुद्धा, नेहमी नऊ-दहा माणसे आणि डब्यांची पिशवी.

ठरले ते क्वालालंपूर आणि सिंगापूर. हैदराबादहून सरळ विमान आहे आणि मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना तीस दिवसांपर्यंत व्हिसाची अट काढली आहे. (ही सवलत मुदतीची असते, तिकीट काढण्याआधी ताजा नियम बघून घ्यावा. सिंगापूरला व्हिसा लागतो.)

बातमी घरात फुटली तशी आपांनी, म्हणजे यांच्या मोठ्या बहिणीने, सगळ्यांच्या मनातला प्रश्न विचारला. “अजून हज झाला नाही आणि तुम्ही सैर करायला निघालात?”

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हजची ऐपत आली की हज फर्ज आहे, तिथे ‘आधी जरा फिरून घेऊ’ चालत नाही. हजसाठी लागणारी रक्कम हातात असताना ती सहलीत उडवणारे आम्हाला पटत नाहीत. पण आमच्याकडे ती रक्कम अजून पुरी झालेली नाही. तिचे खाते वेगळे आहे, त्यात दर महिन्याला पैसे पडतात आणि त्याला हात लावायचा नाही असे आम्ही दोघांनी ठरवलेले आहे. सहलीला लागले एक लाख ऐंशी हजार, दोघांचे मिळून. त्यातले एक लाख शाळेतल्या वीसजणींच्या भिशीचे, बाकी वेतनाच्या फरकाचे. कर्ज नाही, व्याज नाही, कुणाचे देणे थकवलेले नाही. हा हिशोब आपांपुढे कागदावर मांडला. तरी आम्ही एका आलिमांना विचारले, मगच तिकीट काढले. प्रत्येक घराची परिस्थिती वेगळी, तेव्हा प्रत्येकाने आपापल्या जाणत्यांना विचारावे. पण एवढे म्हणू की ज्या घरात वलीम्याला चार लाख उडतात आणि कुणी हजचे नाव काढत नाही, तिथे सहलीच्याच वेळी हज आठवावा, हे नवल आहे. आपांना हे वाक्य आवडले नाही. तरी अम्मींना सांभाळायला त्याच येऊन राहिल्या, अल्लाह त्यांना सलामत ठेवो.

क्वालालंपूरबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ते फोटोत सगळ्यांनी पाहिलेले आहे. पेट्रोनासचे जुळे मनोरे ४५२ मीटर उंच, ८८ मजली. खालून बघताना मान दुखते. त्यांचा पाया दोन चौकोन एकावर एक तिरपे ठेवून होणाऱ्या आठ कोनी ताऱ्यावर बेतलेला आहे. ती आकृती आम्ही सातवीच्या मुलांकडून कागद कापून करून घेतो, त्यामुळे मनोऱ्यापेक्षा त्या ताऱ्याचेच कौतुक वाटले. जामेक मशीद १९०९ सालची, गोंबाक आणि क्लांग या दोन नद्यांच्या संगमावर, चहूबाजूंनी उंच इमारती आणि मध्ये ही बुटकी, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची. तिथे जोहरची नमाज झाली. खाण्याची अडचण नाही, सकाळी रोटी चनाय आणि डाळ. डाळ पातळ होती. लातूरच्या माणसाला परक्याच्या डाळीत खोट काढल्याशिवाय घास जात नाही, यांनी रोज काढली. सगळ्यात बरे वाटले ते हे की प्रत्येक मॉलमध्ये बायकांसाठी नमाजची वेगळी, स्वच्छ खोली होती. आपल्याकडे बाजाराला गेलेल्या बाईची असर किती वेळा हुकते, हे बायकांनाच माहीत.

तिथून बसने सिंगापूर, साधारण साडेतीनशे किलोमीटर. कॅम्पाँग ग्लाम भागातली सुलतान मशीद मुद्दाम पाहावी. आजची इमारत १९३२ मध्ये पुरी झाली. सोनेरी घुमटाखाली काळा पट्टा दिसतो, तो काचेच्या बाटल्यांच्या बुडांचा आहे. मोठी रक्कम देऊ न शकणाऱ्या गरिबांनी बाटल्या दिल्या, म्हणजे मशिदीत त्यांचाही हात लागावा. वर्गणीची यादी भिंतीवर संगमरवरात कोरणाऱ्या आपल्या मंडळींना हा पट्टा दाखवायला हवा.

पण आमची सहल ज्या ठिकाणी सार्थकी लागली ते ठिकाण फारसे कुणी बघत नाही. मरीना बराज. खाडीच्या तोंडाशी २००८ मध्ये घातलेला बांध, नऊ दरवाजे, पलीकडे समुद्र आणि अलीकडे गोड्या पाण्याचा तलाव. वर गवताची गच्ची आहे, तिथे मुले पतंग उडवतात. सगळा सिंगापूर देश आपल्या लातूर जिल्ह्याचा जेमतेम दहावा भाग, माणसे साठ लाख, आणि मोठी नदी एकही नाही. म्हणून दोन-तृतीयांश जमिनीवर पडणारा पाऊस ते गोळा करतात, सांडपाणी गाळून पुन्हा वापरतात, समुद्राचे पाणी गोडे करतात आणि काही पाणी करार करून मलेशियाकडून घेतात. नळाचे पाणी तसेच पितात.

त्या गवतावर बसल्यावर यांनी २०१६ चा उन्हाळा काढला. मांजरा धरण कोरडे पडले होते, टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती आणि एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले, साडेतीनशेच्या आसपास किलोमीटरवरून. म्हणजे आम्ही बसने जेवढे आलो तेवढेच. त्या दिवसांत आम्ही मुलांसह नांदेडला आणि हे अम्मींसोबत लातूरला होते. फोनवर विचारले की म्हणत, “मिळतेय, काळजी करू नका.” इथे सांगितले की टँकरसाठी रात्री दोन-दोनला घागरी घेऊन उभे राहत होते, सकाळी तसेच शाळेत जात होते, आणि एकदा अम्मींनी वुजूचे पाणी परातीत धरून झाडाला घातले तेव्हा गल्लीच्या टोकाला जाऊन रडले होते. हे आम्हाला माहीतच नव्हते. मग आम्हीही नांदेडच्या काही गोष्टी सांगितल्या, त्या इथे लिहीत नाही. पाऊस आला तेव्हा उठलो.

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी. आधी पासपोर्ट. आपल्या बायकांची नावे आधारवर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे आणि निकाहनाम्यात तिसरे असतात. कुठे ‘बेगम’ आहे, कुठे ‘बी’, कुठे वडिलांचे नाव, कुठे नवऱ्याचे. आमचे दोन महिने त्यातच गेले. ती स्पेलिंगे आधी जुळवून घ्या. नोकरदारांनी खात्याची परवानगी वेळेवर मागावी. टूर कंपनीसोबत गेलात तर सोय होते, पण पुन्हा चाळीस माणसे आणि सकाळी सहाचा बिगुल. चप्पल नवी नेऊ नका, रोज दहा-बारा हजार पावले होतात आणि यांचा गुडघा तिसऱ्याच दिवशी बोलू लागला. अम्मींसाठी छोटी जानमाज आणली. आपांनी स्वतःसाठी काही मागितले नव्हते. आल्यावर मात्र त्यांनी विचारले, भिशीत अजून एक जागा आहे का?